शिंपल्याचा पाण्याखालचा गोंद

ओल्या पृष्ठभागावर गोंद बसत नाही, हा घरोघरचा अनुभव आहे. फुटलेली बशी जोडण्यापूर्वी ती पुसून कोरडी करावी लागते. भिंतीत ओल असेल तर रंगाचे पोपडे सुटतात. समुद्रातील मसल जातीचा शिंपला मात्र खाऱ्या पाण्यात, लाटांचे तडाखे सोशीत, खडकाला पक्का धरून राहतो. कोकणात ‘शिनाणे’ म्हणून खाल्ला जाणारा हिरवट शिंपला याच कुळातला. तो साफ करताना फटीतून राठ तंतूंचा जो झुबका ओढून फेकून दिला जातो, त्याने गेली चार दशके रसायनशास्त्रज्ञांना कामाला लावले आहे.

पाण्यात साधा गोंद निकामी का ठरतो? खडक, काच किंवा धातू यांच्या पृष्ठभागावर पाण्याच्या रेणूंचा थर घट्ट बसलेला असतो. समुद्रात त्या थरात क्षारांचे आयनही अडकलेले असतात. गोंदाचा रेणू येऊन पोहोचण्याआधीच जागा अडविलेली असते. शिवाय विरुद्ध विद्युतभारांमधील आकर्षण हवेच्या मानाने पाण्यात सुमारे ८० पटींनी क्षीण होते. तेव्हा पाण्याखाली चिकटावयाचे, तर आधी पाणी हटवावे लागते.

या कोड्याचा पहिला धागा १९८१ मध्ये हाती लागला. अमेरिकेतील हर्बर्ट वेट आणि मार्विन टान्झर यांनी निळ्या मसल शिंपल्याच्या चिकट प्रथिनात ‘डोपा’ हे अमिनो आम्ल असल्याचे ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. डोपा वैद्यकाला अपरिचित नाही. कंपवाताच्या रुग्णांना ते औषध म्हणून दिले जाते आणि आपल्याकडील खाजकुइलीच्या बियांतही ते असते. त्याच्या रेणूतील कॅटेकॉल या गटात कार्बनच्या कड्याला दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी शेजारी जोडलेले असतात. हे दोन हात धातूच्या ऑक्साइडला एकाच वेळी पकडतात. खडकाला टेकणाऱ्या प्रथिनांपैकी एकात तर दर १० अमिनो आम्लांमागे सुमारे ३ डोपा असतात.

केवळ डोपा असून भागत नाही, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. शिंपल्याची खरी करामत त्याच्या ‘पाया’त आहे. जिभेसारखा हा अवयव तो कवचाबाहेर काढतो, खडक चाचपतो आणि टोक दाबून धरून त्याखाली एक बंद पोकळी तयार करतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या आसपास असतो. या पोकळीत तो बराच खाली उतरवून आम्लधर्मी केला जातो. प्रथिने तेथेच स्रवतात. काही मिनिटांत पाय उचलला, की मागे एक तंतू आणि खडकाला बसलेली त्याची बारीक चकती उरते. असे अनेक तंतू मिळून नांगराचे काम करतात.

आम्लतेचे प्रयोजन महत्त्वाचे आहे. समुद्राच्या पाण्यात डोपाचे ऑक्सिडीकरण चटकन होते आणि मग त्याची खडकावरील पकड ढिली पडते. २००६ मध्ये टायटॅनियमच्या पृष्ठभागावर एकेक रेणू ओढून पाहण्यात आला, तेव्हा हा फरक थेट मोजता आला. शिंपला आम्लतेने डोपाला जपतो, शिवाय गंधकयुक्त गट असलेल्या दुसऱ्या एका प्रथिनाकरवी बिघडलेला डोपा पुन्हा पूर्ववत करून घेतो. हेच ऑक्सिडीकरण चकतीच्या अंतर्भागात मात्र उपयोगी पडते, कारण त्यायोगे प्रथिने एकमेकांत गुंफली जातात. तंतूंच्या बाह्य आवरणात हेच काम लोह करते. गोंद पृष्ठभागाला चिकटावा आणि आतून कठीणही व्हावा, या परस्परविरोधी गरजा शिंपला अशा रीतीने जागा वाटून देऊन भागवितो.

पाणी हटविण्याचे काम कोणाचे, याचा उलगडा २०१५ मध्ये झाला. डोपाच्या शेजारी बहुधा लायसिन हे धनभारित अमिनो आम्ल आढळते. अभ्रकावरील प्रयोगांत असे दिसले, की लायसिन पृष्ठभागावरील क्षारांच्या आयनांना ढकलून जागा मोकळी करते आणि त्या जागेवर कॅटेकॉल पकड बसविते. त्याच वर्षी सिंगापूर येथील संशोधकांनी हिरव्या मसलचा, म्हणजे आपल्या शिनाण्यांचा, अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही प्रथिने ठरावीक क्रमानेच स्रवतात, असे आढळले.

हा गोंद थेट शिंपल्यांतून काढणे परवडणारे नाही. १ ग्रॅमसाठी सुमारे १० हजार शिंपले लागतात, असा हिशेब दिला जातो. म्हणून नक्कल करण्याकडे कल वळला. २००७ मध्ये फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटाने डोपामिनच्या सौम्य अल्कधर्मी द्रावणात वस्तू बुडवून ठेवली, की तिच्यावर पातळ लेप चढतो, असे दाखविले. पॅनला अन्न चिकटू न देणाऱ्या टेफ्लॉनवरही तो बसला! अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठात जोनाथन विल्कर यांनी पॉलिस्टायरिनला कॅटेकॉलची जोड दिली. २०१७ मधील चाचण्यांत हा गोंद पाण्याखाली शिंपल्याच्या नैसर्गिक गोंदाहून १७ पटींपर्यंत बळकट ठरला.

या साऱ्याची खरी निकड शस्त्रक्रियागृहात आहे. मानवी शरीराचा अंतर्भाग समुद्रासारखाच ओला आणि खारट असतो. रक्त वाहत असलेल्या यकृताला टाके घालणे अवघड असते. बाजारातला झटपट गोंद ओलाव्याने लगेच घट्ट होतो खरा, पण तो ताठर असल्याने मऊ, हलत्या अवयवावर टिकत नाही. येथे बार्नेकल या दुसऱ्या खडकनिवासी प्राण्याची मदत झाली. तो आधी स्निग्ध द्रव सोडून पाणी बाजूला सारतो आणि मगच प्रथिने सोडतो. एमआयटीतील संशोधकांनी २०२१ मध्ये याच क्रमाने सिलिकॉन तेलात चिकट सूक्ष्मकण मिसळून मलम बनविले. तेल रक्त दूर सारते, कण उतीला बिलगतात. उंदीर व डुकरांवरील प्रयोगांत हलक्या दाबाखाली काही सेकंदांतच रक्तस्राव थांबला. हे मलम रक्त गोठण्यावर अवलंबून नाही. त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने त्याकडे विशेष आशेने पाहिले जाते.