चार महिन्यांचं पाणी : नांदेड-लातूरला पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

पुण्यात आयटीत काम करणाऱ्या मराठवाड्याच्या पोरांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. लाँग वीकेंड जवळ आला की शेजारच्या डेस्कवरचं कुणीतरी म्हणतं, "तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे रे?" आपण काही बोलायच्या आत तोच उत्तर देतो, "वेरूळ-अजिंठा ना?" मी लातूरचा. वेरूळ माझ्या घरापासून जितकं लांब आहे, त्याहून हैदराबाद फारसं लांब नाही. हे सांगितलं की पुढचा प्रश्न येतो, "लातूर म्हणजे ते भूकंपवालं? की ट्रेननं पाणी आलं होतं ते?"

दोन्ही तेच. बाहेरच्या माणसांनी आमचा भाग दोनदा निरखून पाहिला, १९९३ मध्ये आणि २०१६ मध्ये, आणि दोन्ही वेळा ते आमचं संकट बघायला आले होते. मदतही पुष्कळ केली, त्याबद्दल तक्रार नाही. पण संकट बघायला आलेला माणूस त्या जागेचा इतिहास विचारत नाही. म्हणून पहिल्यांदाच येणाऱ्यासाठी हा लेख. एकच सूत्र धरून फिरा : पाण्याचा माग काढा.

आधी थोडा भूगोल

कर्कवृत्त भोपाळच्या थोडं वरून जातं, म्हणजे आख्खा महाराष्ट्र उष्ण कटिबंधात येतो. 'ट्रॉपिकल' म्हटलं की इन्स्टावर नारळ, समुद्र आणि हिरवीगार झाडी दिसते. त्याच पट्ट्यात आम्हीही राहतो. फरक पाऊस कधी पडतो आणि पडल्यावर त्याचं काय होतं, यात आहे. लातूरला सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस होतो. लंडनला साधारण सहाशे होतो. आकड्यात आम्ही लंडनच्या पुढे! पण लंडनला तो बारा महिने भुरभुरतो, आमच्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो, आणि त्यातही मधे तीन-तीन आठवडे दडी मारतो. खाली दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक भेगा असतील तिथंच पाणी मुरू देतो. बाकीचं वाहून जातं.

थोडक्यात, चार महिन्यांचं पाणी बारा महिने पुरवायचं, हा इथला सगळ्यात जुना प्रश्न आहे. इथं ज्यांनी ज्यांनी राज्य केलं, त्या प्रत्येकाला तो सोडवावा लागला. त्यांची उत्तरं अजून उभी आहेत.

नांदेड : नदी असलेलं गाव

सुरुवात नांदेडपासून करा, कारण नांदेडकडे गोदावरी आहे. आमच्याकडचे लोक तिला नुसतं 'गंगा' म्हणतात. सतराव्या शतकात औरंगाबादहून गोवळकोंड्याला जाणाऱ्या वाटेवर नांदेड लागायचं. तेवेनो हा फ्रेंच प्रवासी १६६६-६७ च्या भारतप्रवासात याच वाटेनं गेला. बहुतेक सगळे असे पुढे जाणारेच असत, कारण हिरे आणि दरबार गोवळकोंड्याला होते.

१७०८ मध्ये मात्र आलेला एक पाहुणा पुढे गेला नाही. बादशहा बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेत निघाला होता, त्याच्या छावणीबरोबर गुरू गोविंदसिंग इथं पोहोचले. इथंच माधोदास बैरागी त्यांना भेटला आणि बंदासिंग बहादूर होऊन पंजाबात परतला. इथंच गुरूंनी आपल्यानंतर ग्रंथसाहेबांनाच गुरू मानायला सांगितलं आणि ऑक्टोबरमध्ये देह ठेवला. आजची तख्त सचखंड हुजूर साहिबची इमारत महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात उभारली. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. संगमरवर, सोनं, लंगर हे सगळे बघतात. तुम्ही पहाटे उठा. रोज गोदावरीचं पाणी घागरीत भरून तख्तावर आणलं जातं, आणि ते आणणाऱ्या सेवेकऱ्याला 'गागरिया सिंग' म्हणतात. पंजाबात पाच नद्या असलेल्या समाजानं इथं एका नदीशी रोजचं नातं जोडलंय.

मी इंजिनिअरिंग नांदेडला, विष्णुपुरीत केलं. कॉलेजपासून जवळच गोदावरीवरचा विष्णुपुरी प्रकल्प आहे. नदी खाली आणि शेतं वर, म्हणून पाणी पंपानं उचलून कालव्यात सोडायचं, अशी ही उपसा सिंचन योजना. तिच्या जलाशयाला शंकरराव चव्हाणांचं नाव आहे. चव्हाण नांदेडचे. ते पाटबंधारे मंत्री असताना पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाठपुरावा त्यांनी केला. घाटावरची घागर आणि प्रकल्पाचा पंप एकाच दिवशी बघून होतात.

कंधार : राजानं बांधलेला समुद्र

नांदेडहून साधारण पन्नास किलोमीटरवर कंधार. अफगाणिस्तानच्या नावाशी नाव जुळतं म्हणून लोक हसतात, पण हे गाव राष्ट्रकूटांचं. तिसरा कृष्ण (कारकीर्द इ. स. ९३९ ते ९६७) स्वतःला कंधारपुराचा स्वामी म्हणवून घेई. त्याआधी, नवव्या शतकातला अमोघवर्ष 'लट्टलूरपुरवराधीश्वर' असं बिरुद लावायचा. हे लट्टलूर म्हणजे लातूर, असं अभ्यासक मानतात. त्याच शतकात सुलेमान नावाच्या अरब व्यापाऱ्याच्या वृत्तान्तात जगातले चार मोठे राजे सांगितलेत : बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा बादशहा आणि हिंदचा 'बल्हरा'. बल्हरा म्हणजे वल्लभराज, म्हणजे राष्ट्रकूट. बगदादच्या पंक्तीला बसणारं हे घराणं स्वतःची ओळख सांगताना आमच्या गावांची नावं घ्यायचं!

कंधारला पहिल्यांदा किल्ल्यात शिरू नका. आधी तलावावर जा. राष्ट्रकूट काळातल्या या तलावाचं नाव जगत्तुंग समुद्र. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत एका राजानं तळं बांधलं आणि त्याला समुद्र म्हटलं, यातच त्या पाण्याची किंमत कळते. मग किल्ल्यात जा. भुईकोट किल्ला, भोवती रुंद खंदक. खंदकातलं पाणी शत्रूला अडवतं आणि आसपासच्या विहिरींनाही आधार देतं. गावात एका प्रचंड क्षेत्रपाल मूर्तीचे अवशेष मिळालेत. नुसती पावलं पाहिली तरी आख्खी मूर्ती केवढी असेल, या विचारानं मान वर जाते.

होट्टल आणि उदगीर

कंधारहून देगलूरच्या बाजूला होट्टल. उत्तर चालुक्य काळातली इथली मंदिरं अजून गर्दीपासून वाचली आहेत. सिद्धेश्वर मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं सकाळच्या तिरप्या उन्हात बघा.

तिथून पश्चिमेला उदगीर. शाळेच्या पुस्तकात उदगीरची लढाई एका ओळीत उरकते, कारण पुढच्या पानावर पानिपत असतं. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं नमवलं. मराठ्यांनी निजामाच्या फौजेला उदगीर-औसा टापूत घेरलं, रसद तोडली, आणि इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यानं बाकीचं काम केलं. तहात साठ लाखांचा मुलूख मिळाला. वर्षही उलटलं नव्हतं तोवर भाऊ आणि इब्राहिमखान दोघंही पानिपतावर संपले. किल्ल्याच्या तटावर उभं राहून तो खोल खंदक बघितला की कळतं : या मुलखात सैन्य हरवायचं तर तोफेइतकंच चाऱ्या-पाण्याचं गणित लागतं.

लातूर, आणि ती रेल्वे

लातूरात गंजगोलाई बघा. मधे गोल इमारत आणि तिच्याभोवती फुटलेले सोळा रस्ते. भांडी, कापड, सोनं, मिरची, ज्याची त्याची वेगळी गल्ली. गोलाई १९१७ ची. त्याआधी सहा वर्षं, १९११ मध्ये, बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही अडीच फुटी नॅरोगेज लाइन. १८९७ मध्ये ती आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली. इकडे लातूर गाठलं आणि १९२७ मध्ये तिकडे मिरज. पंढरपूरचे वारकरी तिच्यातून जात आणि लातूरच्या बाजारातला माल बाहेर पडे. निजामाच्या राज्यातल्या या गावाला बाजारपेठ करण्यात त्या छोट्या गाडीचा मोठा हात आहे.

पुढे ती लाइन ब्रॉडगेज झाली, आणि एप्रिल २०१६ मध्ये बहुतांश त्याच मार्गानं मिरजेहून लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाणी सुमारे पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी लागली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. शंभर वर्षांपूर्वी ज्या वाटेनं लातूरची श्रीमंती बाहेर गेली, त्याच वाटेनं प्यायचं पाणी आत आलं. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. मी तेव्हा नांदेडला शिकत होतो. घरी फोन केला की आई "जेवलास का" याच्या आधी "टँकर आला" किंवा "आला नाही" हे सांगायची.

शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांच्या वर होती, आणि एवढ्या शहराचा भार मुख्यतः धनेगावच्या मांजरा धरणावर. ते कोरडं पडलं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतो : एकच गोष्ट बंद पडली की सगळं बंद. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात धरण भरलं, आणि तो विषय बातम्यांतून गेला. नदीकाठचा ऊस गेला नाही, आणि शेकडो फूट खाली जाणारी बोअरवेलची गाडीही गल्लीत येत राहिली.

औसा, खरोसा, किल्लारी

लातूरच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर औशाचा किल्ला. डोंगरावर नाही, खोलगटात. आजूबाजूचं पाणी त्याच्याकडेच वाहत यावं अशी जागा. बाहेर खंदक, आत बारव. भर उन्हाळ्यात त्या पायऱ्या उतरून बघा, दर दहा पायऱ्यांना हवा बदलते.

पुढे खरोसा. सहाव्या शतकाच्या आसपासची ही लेणी जांभा दगडात कोरली आहेत. जांभा कोरायला सोपा आणि झिजायलाही, त्यामुळे मूर्तींचे चेहरे पुसट झालेत. वेरूळची भव्यता इथं मिळणार नाही. पण वेरूळला मिळत नाही ती शांतता मिळेल.

शेवटी किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला, अनंत चतुर्दशीची मिरवणूक आटोपून लोक झोपले असताना, जमीन हलली. सुमारे दहा हजार माणसं गेली. माती आणि दगडांच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद, अशी घरं होती. आठ महिन्यांच्या उन्हात गारवा देणारी तीच भिंत त्या रात्री अंगावर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं नव्या जागी वसवली. तेरणेच्या खोऱ्यातल्या जुन्या गावठाणांत आता बाभळी आहेत. नव्या गावांत सरळ रुंद रस्ते आणि एकसारखी घरं. किल्लारीला जा, पण सेल्फी काढू नका. पारावर कुणी म्हातारं माणूस भेटलं तर आधी राम राम घाला, बसा, आणि जुन्या गावाची विहीर कुठं होती ते विचारा. माणसं भूकंपाबद्दल बोलायला कचरतात, विहिरीबद्दल भरभरून बोलतात.

जुनं सगळं सोनं नव्हतं

हे वाचून कुणी म्हणेल, पूर्वजांना सगळं कळत होतं, आपणच विसरलो. असं मला म्हणायचं नाही. जगत्तुंग समुद्रानं एक राजधानी जगवली असेल, चार लाखांचं शहर त्याला पेललं नसतं. आणि ते पाणी सगळ्यांचं नव्हतं. १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांना महाडच्या तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, तो काही एकट्या महाडचा प्रश्न नव्हता. आमच्याकडच्या बारवाही देखण्या आहेत, पण पायऱ्या उतरायचा हक्क कुणाला होता, हे विचारल्याशिवाय त्यांचा फोटो पुरा होत नाही. नळानं आणि टँकरनं निदान तत्त्वापुरता तरी तो भेद मोडला.

मला जुन्या लोकांची एकच गोष्ट उचलावीशी वाटते. त्यांनी पाणी जिथं पडलं तिथंच अडवलं आणि एकाच साठ्यावर भिस्त ठेवली नाही. तळं, खंदक, बारव, आड, एक आटलं तर दुसरं. माझ्या पिढीतली बरीचशी पोरं नोकरीमागं पुण्याला आली, आणि मागे राहिलेले आईबाप दर उन्हाळ्यात आभाळाकडे आणि धरणाच्या टक्केवारीकडे बघतात. गावी परत जायचं की नाही, हा आमच्यातल्या अनेकांचा प्रश्न शेवटी त्या टक्केवारीवर येऊन थांबतो.

कधी यायचं? बहुतेक जण सांगतील, डिसेंबर-जानेवारीत या. हुरडा असतो, थंडी असते, लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते आणि तिथं लाल कंधारी गाई-बैल बघायला मिळतात. हे सगळं खरंच आहे. पण जमलं तर दोनदा या. एकदा मे महिन्यात आणि एकदा गणपती उठल्यावर. दोन्ही वेळा कंधारच्या तलावावर एकाच जागी उभं राहा आणि पाण्याची रेघ कुठं होती, कुठं आली ते बघा.