जंतू मेले तरी विष कसं मारतं?

रोगजंतू आपल्याला मारतात कसे? शाळेतलं उत्तर सोपं: ते विष सोडतात. घटसर्प, धनुर्वाताच्या बाबतीत ते खरंही आहे. पण एका विषाचा छडा लागायला शंभरावर वर्षं गेली. ती ही गोष्ट.

१८९२, बर्लिन. रॉबर्ट कॉखच्या संस्थेत रिचर्ड फायफर कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करत होता. त्याने जंतू तापवून मारले आणि गिनीपिगना टोचले. जंतू मेलेले, तरी गिनीपिग मेलेच! म्हणजे विष जंतूच्या अंगातच होतं. त्याला नाव पडलं एंडोटॉक्सिन. पुढे कळलं की असल्या जंतूंच्या बाहेरच्या आवरणातला, साखर आणि चरबी मिळून झालेला हा रेणू आहे. नाव लायपोपॉलिसॅकराइड, थोडक्यात एलपीएस.

आता गंमत बघा. १९६० च्या दशकात अमेरिकेत उंदरांचा एक वाण लक्षात आला. इतर उंदीर ज्या डोसने मरतात, तेवढं एलपीएस टोचूनही हे आपले मजेत! मग १९८० साली त्यांच्यात साध्या उंदरांची अस्थिमज्जा घातली, आणि एलपीएस त्यांनाही बाधायला लागलं. म्हणजे हे विष स्वतः फारसं काही करत नाही. रक्षक पेशींकडून करवून घेतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हॅकरने सर्व्हर पाडलाच नाही, अलर्टच इतके सुटले की त्या लोडने तो झोपला.

पण अलर्ट वाजवतं कोण? १९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमनच्या टीमला दिसलं की फळमाशीत 'टोल' नावाचं जनुक बिघडलं की माशा बुरशीने मरतात. तिकडे डॅलसला ब्रूस बॉयटलर १९९३ पासून त्या उंदरांतला दोष शोधत होता. १९९८ मध्ये सापडला: टोलचाच भाऊबंद, टीएलआर४ हा रिसेप्टर. त्याच्या जनुकात फक्त एक अक्षर बदललेलं. पाच वर्षांचं डिबगिंग, आणि शेवटी एक टायपो! २०११ चं वैद्यकशास्त्राचं अर्धं नोबेल या दोघांना मिळालं.

माणसाच्या पेशींवरही हाच रिसेप्टर असतो. एलपीएस चिकटलं की पेशी धोक्याचे संदेश सोडतात, ताप येतो. जंतू रक्तात पसरले तर तेच संदेश शरीरभर उसळतात, रक्तदाब कोसळतो, किडनी बंद पडते. आयसीयूबाहेर बसलेल्यांना डॉक्टर ज्याला 'सेप्सिस' म्हणून सांगतात, त्यातला एक मोठा प्रकार हाच.

मग टीएलआर४ बंदच करून टाकू? प्रयत्न झाला. एरिटोरान नावाचं औषध नेमकं तेच करायचं. २०१३ मध्ये मोठ्या चाचणीचा निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत. आणि ते एलपीएस पचवणारे उंदीर? जिवंत साल्मोनेला जंतू थोडेसे टोचले, तरी पटकन मरतात. अलार्म नसेल तर चोर आलाय हेच उशिरा कळतं ना!

थोडक्यात काय, मारणारी आणि वाचवणारी वायर एकच आहे. ती कापायची नाही, कधी आणि किती दाबायची हे शिकायचंय. ते अजून जमलेलं नाही.