उन्माद, विषाद आणि हर्ष : भाव कोठें संपतो व व्याधि कोठें सुरू होतो ?

१. विषयप्रवेश

संस्कृत वैद्यकग्रंथांतील मनोविकारांसंबंधीं अलीकडे पुष्कळ लिहिलें जातें. त्या लेखनांत एक विधान वारंवार आढळतें. अतिरिक्त उल्हास व खोल खिन्नता यांचे झटके ज्यांत आळीपाळीनें येतात, त्या विकारास आधुनिक वैद्य द्विध्रुवी विकार म्हणतात. हाच विकार चरकाचार्यांस पूर्णपणें अवगत होता व त्यांनीं त्यास उन्माद हें नांव दिलें, असें तें विधान होय. हें विधान करणारांचा हेतु चांगला असला, तरी मूळ पाठ समोर ठेवून पाहतां तें टिकत नाहीं. परंतु तें खोडून काढून तेवढ्यावरच थांबलें, तर त्या ग्रंथांत जें खरोखर आहे व जें अधिक मोलाचें आहे, तें दृष्टीआड राहतें. मनाचा भाव आणि मनाचा व्याधि यांमध्यें सीमारेषा कोठें काढावी, या प्रश्नाचा विचार आपल्याकडील दोन निरनिराळ्या शास्त्रांनीं केला आहे. त्याची छाननी करणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम शब्द पाहूं. 'विषाद' हा शब्द 'सद्' धातूस 'वि' उपसर्ग लागून झाला. खचणें, खालीं बसणें हा त्यांतील मूळचा भाव. 'उन्माद' शब्दांत 'मद्' धातूमागें 'उत्' म्हणजे 'वर' हा उपसर्ग आहे. एकांत मन खालीं बसतें, दुसऱ्यांत तें वर उसळतें. ही जोडी इतकी सोयीची आहे कीं, तिच्यावरूनच द्विध्रुवी कल्पना सिद्ध झाली असें एखाद्यास वाटावें. पण व्युत्पत्ति म्हणजे निदान नव्हे. शास्त्रकारांनीं हे शब्द कोणत्या अर्थानें वापरले, तेंच पाहिलें पाहिजे.

२. नाट्यशास्त्राची साक्ष

भरताच्या नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायांत आठ स्थायी व तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत. व्यभिचारी म्हणजे येणारे-जाणारे. समुद्रावर लाटा उठाव्या व विराव्या, तसे ते स्थायी भावावर उठतात व विरतात. या तेहतीसांत हर्ष, विषाद, दैन्य, चिंता, आवेग, जडता यांच्याच पंक्तीस व्याधि, अपस्मार व उन्माद हेही बसविलेले आहेत. वैद्यकांत जे रोग, ते येथें भावांमध्यें गणले आहेत, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे.

याहून महत्त्वाचें म्हणजे भरतानें सांगितलेलीं उन्मादाचीं कारणें. प्रिय मनुष्याचा वियोग, वैभवाचा नाश, आघात, आणि त्यांच्याच जोडीला वात, पित्त व कफ यांचा प्रकोप ! मनावरील घाव आणि शरीरांतील दोष हीं दोन्हीं कारणें नाट्याचार्यांनीं एकाच वाक्यांत गोंविलीं. लक्षणें सांगतांना भरत हसणें व रडणें यांचा प्रथमच उल्लेख करतो, पण त्यांस 'अनिमित्त' हें विशेषण लावतो. नट हसला म्हणजे हास, रडला म्हणजे शोक. परंतु निमित्तावांचून हसला-रडला म्हणजे उन्माद. पुढें असंबद्ध बोलणें, धांवणें, नाचणें, अंगास धूळ व राख फांसणें, गवत, निर्माल्य व चिंध्या धारण करणें हीं लक्षणें येतात.

विषादाचे भरतानें माणसांच्या दर्जाप्रमाणें भेद केले आहेत. उत्तम पुरुष विषादांत साहाय्य शोधतो व उपायाचें चिंतन करतो. अधम पुरुष सैरावैरा धांवतो, त्याचें तोंड कोरडें पडतें, तो ओठांच्या कडा चाटतो, निजून राहतो. येथें विषादास कारण आहे, विषय आहे आणि बहुधा शेवटही आहे. अर्जुनाचा विषाद हा याच जातीचा. गात्रें गळाली, धनुष्य हातांतून सुटलें, तरी त्यास कोणी रोगी म्हटलें नाहीं.

३. वैद्यकाची साक्ष

आतां वैद्यकाकडे वळूं. सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत मानस व्याधींची यादी दिली आहे. तींत क्रोध, शोक, भय, विषाद, ईर्ष्या, दैन्य, काम, लोभ हे आहेतच. पण त्यांच्यामध्यें हर्षही आहे. हे सर्व इच्छा व द्वेष यांच्या भेदांनीं होतात, असें तो सांगतो. उलट चरकाच्या सूत्रस्थानांत पंचविसाव्या अध्यायांत श्रेष्ठ वस्तूंची जी यादी आहे, तींत तृप्ति देणाऱ्यांत हर्ष अग्रगण्य, शरीर शोषणाऱ्यांत शोक अग्रगण्य आणि रोग वाढविणाऱ्यांत विषाद अग्रगण्य ठरविला आहे. एका आचार्यानें हर्षास व्याधींत घातलें, दुसऱ्यानें त्यास पोषक म्हटलें. हा विरोध केवळ वरवरचा आहे. हर्ष स्वतः रोग नव्हे, त्याची मर्यादा सुटली म्हणजे तो रोग, असाच दोहोंचा मेळ घालावा लागतो.

चरकानें उन्मादाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व आगंतु असे पांच प्रकार मानले. सुश्रुत व वाग्भट सहा मानतात व त्यांत मनाच्या दुःखापासून झालेला आणि विषापासून झालेला असे दोन प्रकार स्वतंत्र गणतात. शोकानें होणाऱ्या उन्मादास वेगळी जागा देण्याइतकें त्याचें महत्त्व त्यांस वाटलें, हें उघड आहे.

चरकाच्या निदानस्थानांतील लक्षणें पाहतां वातज उन्मादांत अखंड भटकणें, हसणें, नाचणें व गाणें हीं येतात. पित्तजांत असहिष्णुता, क्रोध व धांवून जाणें हीं येतात. दोन्हीं ठिकाणीं चरक 'अस्थानीं' हा शब्द योजतो. भरताचें 'अनिमित्त' व चरकाचें 'अस्थानीं' हे शब्द एकमेकांचे सख्खे भाऊ होत. कफज उन्मादांत एका जागीं बसून राहणें, मौन, अन्नावरील वासना उडणें, एकांताची आवड, स्वच्छतेचा द्वेष व सतत झोंप हीं लक्षणें सांगितलीं आहेत.

कफज उन्माद म्हणजेच आजची खिन्नतेची व्याधि, असें म्हणण्याचा मोह येथें होतो. त्यास दोन अडचणी आहेत. पहिली, या सर्व यादींत शोक किंवा विषाद हा शब्दच नाहीं. दुसरी, चिकित्सास्थानांत याच प्रकाराच्या लक्षणांत एकांताबरोबर स्त्रियांविषयींची आसक्ति सांगितली आहे, व ती खिन्न मनुष्यास शोभणारी नव्हे. विषाद हा शब्द चरकांत रोग म्हणून येतो तो अन्यत्र, ऐंशीं वातविकारांच्या यादींत. तेथें त्याच्या लगत अतिप्रलाप आहे, व थोड्याच अंतरावर निद्रानाश आणि चित्ताची अस्थिरता हींही आहेत. हें सान्निध्य मोठें सूचक आहे. तरी यादींतील शेजार म्हणजे एक रोग नव्हे. उल्हास व खिन्नता एकाच रोग्यांत आळीपाळीनें येतात व तो एकच रोग होय, असें निश्चित वचन चरकांत नाहीं.

४. कारण तेंच औषध

मग चरकांत आहे तें काय ? उन्माद कोणास होतो हें सांगतांना चरक म्हणतो कीं, भित्र्या व क्लेश पावलेल्या मनाच्या माणसांस, काम, क्रोध, लोभ, हर्ष, भय, शोक, चिंता, उद्वेग यांचे घाव पुनःपुन्हा बसल्यानें तो होतो. एका घावानें रोग होत नाहीं. घावावर घाव बसावा लागतो. आणि रोग झाला हें ओळखावें कशावरून ? तर मन, बुद्धि, संज्ञा-ज्ञान, स्मृति, भक्ति म्हणजे आवड, शील, चेष्टा व आचार हीं आठ विभ्रमलीं म्हणजे. यांतील शेवटचीं चार शेजाऱ्यापाजाऱ्यांस दिसणारीं आहेत. माणसाची आवड बदलली, स्वभाव पालटला, वागणूक सुटली, कीं घरच्यांस कळतें.

चिकित्साही याच विचाराला धरून आहे. भावांपासून झालेला उन्माद परस्परविरोधी भावांनींच शमवावा, असें चिकित्सास्थानाच्या नवव्या अध्यायांत सांगितलें आहे. प्रिय वस्तु गेल्यानें मन बिघडलें असेल तर तिच्यासारखी दुसरी मिळवून द्यावी व सांत्वन करावें. मित्रांनीं धर्म व अर्थ यांस अनुसरून समजूत घालावी. मात्र याच अध्यायांत चाबकाचे फटके, अंधाऱ्या खोलींतील कोंडणें, दांत काढलेल्या सर्पांचें किंवा शिकविलेल्या सिंहाचें भय, राजपुरुषांकडून वधाची धमकी हेही उपाय आहेत. प्राणाचें भय शरीराच्या दुःखाहून मोठें असल्यामुळें त्यानें मन ठिकाणावर येतें, अशी त्यामागील उपपत्ति दिली आहे. पूर्वजांच्या गौरवाच्या भरांत हा भाग गाळणें संशोधकास शोभत नाहीं. भाव हेंच औषध मानलें कीं भयही औषध ठरतें, ही त्या सिद्धांताची काळी बाजू होय.

५. भेलसंहितेची एकुलती पोथी

चरकाच्या मतें दोष बुद्धीचें स्थान जें हृदय त्यास दूषित करतात. याहून निराळें मत भेलसंहितेंत आढळतें. मनाचें स्थान शिर व तालु यांच्या मध्यें, चित्ताचें हृदयांत. दोष वर चढून प्रथम मन, मग चित्त, मग बुद्धि यांस बिघडवितात, असा क्रम भेलानें लावला आहे. हा ग्रंथ आपणांस कळला तो तंजावरच्या भोसले राजांनीं, विशेषतः सरफोजीराजांनीं (१७९८–१८३२), जोपासलेल्या सरस्वतीमहाल ग्रंथसंग्रहांतील एका तेलुगू लिपींतील खंडित पोथीमुळें. बर्नेलच्या इ. स. १८८० च्या सूचींत तिची नोंद झाली व १९२१ मध्यें कलकत्ता विद्यापीठानें ती छापली. ती एक पोथी वाळवीनें खाल्ली असती, तर उन्मादाच्या उपपत्तींतील हें सबंध प्रकरण आपणांस अज्ञात राहिलें असतें.

६. पश्चिमेकडील वाट

हाच सीमारेषेचा प्रश्न युरोपांतही पडला होता. हिपॉक्रॅटिसच्या नांवावरील सूत्रसंग्रहांत भय व खिन्नता दीर्घकाळ टिकल्यास तो कृष्णपित्ताचा विकार समजावा, असें सांगितलें आहे. तेथें कसोटी काळाची आहे. कॅपाडोशियाचा अरेटियस यानें खिन्नतेस उन्मादाचा आरंभ व अंश मानलें. परंतु दोन्हीं अवस्था मिळून एकच आवर्ती रोग, हें स्पष्ट प्रतिपादन इ. स. १८५४ मध्यें पॅरिस येथें बेलार्जे व फाल्रे या दोघा वैद्यांनीं थोड्याच दिवसांच्या अंतरानें व स्वतंत्रपणें केलें. १८९९ मध्यें जर्मन वैद्य क्रेपेलिन यानें त्यास एका नांवाखालीं आणलें. लिओन्हार्ड यानें १९५७ मध्यें एकध्रुवी व द्विध्रुवी असा भेद केला. तेव्हां द्विध्रुवी विकार हें रोगनाम अर्वाचीन आहे; तें चरकाच्या पदरीं बांधण्याचें कारण नाहीं.

या इतिहासांत हिंदुस्थानचा खरा दुवा सर्पगंधेचा आहे. बिहारांत हिला 'पागल की दवा' म्हणत. १९३१ मध्यें कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व रक्तदाब यांवरील तिचा गुण प्रसिद्ध केला. १९४९ मध्यें मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा निबंध इंग्लंडांत छापला. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांत तिच्यांतून रेसरपीन हें द्रव्य वेगळें करण्यांत आलें. पुढें तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांस खोल खिन्नता आली असें वैद्यांच्या नजरेस आलें. उन्मादावरील औषध विषाद आणतें, ही गोष्ट चमत्कारिक वाटली. व मेंदूंतील अमाइन द्रव्यें कमी झाल्यानें खिन्नता येते, या १९६५ च्या सुमाराच्या उपपत्तीस तिचा आधार मिळाला. पण १९५५ मध्येंच डेव्हिस व शेफर्ड यांनीं तेंच औषध खिन्न व चिंताग्रस्त रोग्यांस उपकारक ठरल्याचें प्रसिद्ध केलें होतें. एका द्रव्याच्या उणेपणानें सर्व खिन्नता समजते, ही कल्पना आज इतकी साधी राहिलेली नाहीं.

७. शोक हा रोग काय ?

अमेरिकेंतील मनोवैद्यांच्या संघटनेच्या निदानसंहितेंत आज उन्मत्त उल्हासास एक आठवडा व खिन्नतेस दोन आठवडे अशी काळाची कसोटी आहे, आणि व्यवहारास बाध आला पाहिजे अशी दुसरी. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तींत आप्तमरणानंतरच्या शोकास रोगांतून वगळण्याचा अपवाद होता. २०१३ च्या पांचव्या आवृत्तींत तो काढून टाकण्यांत आला व मोठा वाद झाला. २०२२ मध्यें 'दीर्घ शोक' हा स्वतंत्र विकार त्या संहितेंत आला. त्यास प्रौढांकरितां बारा महिन्यांची मर्यादा आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणांत ती सहा महिन्यांची आहे. भरत व चरक यांनीं विचारलेलाच हा प्रश्न. पंडितांचें एकमत अद्याप झालेलें नाहीं.

हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नव्हे. मी शाळेंत शिकवीत असतां आई वारलेला एक मुलगा कित्येक महिने शेवटच्या बांकावर मुकाट बसून असे. अंघोळ नाहीं, डबा उघडणें नाहीं. मीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत 'आळशी' असा शेरा लिहिला आणि त्यास शिक्षाही केली. निदानस्थानाचा तो भाग तेव्हां मला पाठ होता. एका जागीं बसणें, मौन, अन्नाची अनिच्छा, हीं लक्षणें मी तोंडानें म्हणत होतों, पण समोर बसलेलीं मला दिसलीं नाहींत.

८. निष्कर्ष

एवंच, प्राचीनांनीं आजचीं रोगनामें दिलीं नाहींत. पण सीमारेषेच्या तीन खुणा दिल्या. निमित्तावांचून किंवा अस्थानीं उठणारा भाव, पुनःपुन्हा बसणारा घाव, आणि आवड, शील, चेष्टा व आचार यांचा पालट. काळाची मोजणी तेवढी आधुनिकांनीं जोडली. जें त्यांचें नाहीं तें त्यांस देण्यापेक्षां जें त्यांचें आहे तें नीट वाचणें, हाच त्यांचा खरा मान.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति. वैद्यक घराण्यांचीं बाडें चाळतांना काढ्यांचे पाठ तेवढे उतरून घेऊन समासांतील टिपणें सोडून देण्याची चाल आहे. अमक्याची झोंप गेली, तमका बोलेनासा झाला, अमुक दिल्यावर उतार पडला, अशी एखादी ओळ तेथें असेल तर ती अवश्य उतरून ठेवावी. संहिता नियम सांगतात; माणूस त्या समासांत भेटतो. भेलाची पोथी एकच उरली होती, हें स्मरणांत असावें.