प्रीतीची गोष्ट कोणी सांगावी?

दोन तरुण पुरुषांच्या परस्परप्रीतीवर रचलेल्या कथामालिका थायलंडच्या दूरचित्रवाणीनें गेल्या दहा-अकरा वर्षांत इतक्या निर्माण केल्या कीं, त्या देशाचें नांव काढतांच आज पुष्कळ तरुण प्रेक्षकांस प्रथम त्यांचेंच स्मरण होतें. २०१४ सालीं ‘लव्ह सिक’, २०१६ सालीं ‘सोटस’ आणि २०२० सालीं, करोनाच्या टाळेबंदींत माणसें घरोघर कोंडून पडलीं असतां, ‘टूगेदर’ अशी ही परंपरा वाढत गेली. ह्या मालिकांस आधार बहुधा इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांचा. त्या लिहिणाऱ्या पुष्कळशा स्त्रिया, वाचणाऱ्याही बहुतेक स्त्रियाच. आणि हा कथाप्रकार मुळांत जपानी चित्रकथांतून तिकडे गेलेला. त्यामुळें आरंभींच्या मालिका एका ठराविक सांच्यांतून निघाल्या. नायक महाविद्यालयांतील विद्यार्थी, तोही शक्य तर अभियांत्रिकीचा; दोघांपैकीं एक धीट, दुसरा लाजाळू, जणूं नवरा-नवरीच; विघ्न आणावयास एखादी मत्सरी मुलगी; आणि आपल्याला पुरुष आवडतात असें नव्हे, फक्त हा एकच आवडतो, अशा अर्थाचें वाक्य कोठें ना कोठें ठरलेलें. यांत गोडवा आहे, सत्य थोडें आहे. घर, पैसा, आईबापांचा धाक ह्या गोष्टींना अशा कथेंत फारसा शिरकाव नसतो. ज्यांची प्रीति वर्णावयाची ते बाजूस राहिले आणि खिडकींतून पाहणारांनीं आपल्या आवडीप्रमाणें त्यांची गोष्ट सांगितली, असेंच तिचें स्वरूप झालें.

पुढें कथा सुधारली, हें कबूल केलें पाहिजे. २०२० सालची ‘आय टोल्ड सनसेट अबाउट यू’ ही अवघ्या पांच भागांची मालिका फुकेट बेटावर घडते. लहानपणीं भांडून दुरावलेले दोन मित्र विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेच्या निमित्तानें पुन्हां एकत्र येतात, एक दुसऱ्यास चिनी भाषा शिकवितो, आणि जुन्या ईर्ष्येच्या पोटांतूनच प्रेमाची जाणीव हळूहळू वर येते. येथें नायकाला खलनायकाचें भय नाहीं. स्वतःच्या मनाचें आहे. त्या एका फरकानें सगळी गोष्ट खरी वाटूं लागते.

ती कोणाच्या तोंडून यावी, हा प्रश्न मराठी रंगभूमीपुढें मात्र थायलंडच्या पुष्कळ आधीं येऊन ठाकला होता. पुरुषानें स्त्रीरूप धारण करणें मराठी प्रेक्षकांस नवें नव्हतें. बालगंधर्वांची नेसण्या-वागण्याची ऐट घरंदाज स्त्रियांनीं उचलली. तमाशांतील नाच्यास पाहून लोक हंसले. पण आदर असो वा हंसें, दोन्हीं ठिकाणीं तें सोंग होतें, आणि सोंग उतरल्यावर त्या माणसाच्या मनांत काय आहे हें विचारण्याची कोणास गरज वाटली नाहीं. स्त्रीनें स्त्रीवर किंवा पुरुषानें पुरुषावर प्रेम केल्याची गोष्ट रंगमंचावर उघडपणें मांडली ती विजय तेंडुलकरांनीं, १९८१ सालीं, ‘मित्राची गोष्ट’ या नाटकांत.

स्वातंत्र्यापूर्वींच्या कॉलेजांतील ही कथा. सुमित्रा ऊर्फ मित्रा ही मोकळ्या स्वभावाची, कोणाची भीड न धरणारी मुलगी. ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनीं केली. कॉलेजच्या नाटकांत मित्रा पुरुषाचें काम करते, नायिका असते नमा, आणि नाटकांतील प्रेम नाटकाबाहेर येतें. मनुष्यस्वभावाची पारख असलेल्या नाटककारानेंच ही युक्ति योजावी: जें बोलावयाची सोय नाहीं तें प्रथम वेषाच्या आडून बोललें जातें. परंतु श्रोत्यांनीं नाटकाच्या नांवाकडे लक्ष द्यावें. गोष्ट मित्राची, ती सांगतो मात्र बापू. हा बुजरा, सरळ मनाचा मुलगा मित्रावर मनोमन लुब्ध आहे, तिचा विश्वासू आहे, आणि शेवटीं तिच्यापासून दूर होणाराही आहे. मित्राचें मन प्रेक्षकांस दिसतें तें बापूच्या आठवणींतून, म्हणजे त्याच्या कळवळ्यांतून आणि त्याच्या अपराधी भावनेंतून. मित्रा आत्मनाश करून घेते. बापू उरतो, कारण कोणीतरी सांगावयास उरलें पाहिजे.

यावरून तेंडुलकरांस दोष देणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. समोरचा प्रेक्षक बापूसारखाच होता. त्याला मित्रापर्यंत नेणारा हात बापूचाच असूं शकत होता. शिवाय बापू भला आहे आणि तरीही कमी पडतो, हें दाखवून नाटककारानें प्रेक्षकास सुखासुखीं घरीं जाऊं दिलें नाहीं. तरीपण या रचनेची किंमत मित्राला द्यावी लागली: तिचें प्रेम समजावयाचें तर तिचें मरण पाहावें लागतें. पुढच्याच वर्षीं आलेल्या, तेंडुलकरांचीच पटकथा असलेल्या ‘उंबरठा’ चित्रपटांत महिलाश्रमांतील दोन स्त्रियांचा असाच संबंध येतो. पण तेथें तो अधीक्षिकेपुढील अनेक प्रश्नांपैकीं एक एवढाच आहे.

बापूची जागा पुढें आईनें घेतली. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ या एकपात्री नाटकांत आपला मुलगा समलिंगी आहे हें कळलेली आई बोलते. मोना आंबेगावकर यांनीं त्याचे प्रयोग ठिकठिकाणीं केले. कथेचें केंद्र येथें कॉलेजांतून उठून स्वयंपाकघरांत आलें, हा लहान फरक नव्हे. मित्र सोडून जाऊं शकतो. आईस जावयाला जागाच नाहीं, तिला मार्ग काढावाच लागतो. नंतर सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’ (२००६) या कादंबरींत घरीं भाडेकरू म्हणून आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघेंही जीव लावतात, आणि दोघेंही आपापली हकीकत स्वतः सांगतात. मराठींत येथें अशा तरुणाला स्वतःचा आवाज मिळाला. मात्र ज्याच्यावर प्रेम केलें तो निघून गेलेला, आणि सांगणारा मागें एकटा. प्रेम सांगावयाचें तर तें गमावल्यावरच, ही जुनी अट इथेंही सुटली नाहीं.

याच काळांत कायद्याचे हेलकावे चालू होते. दंडविधानाचें ३७७ वें कलम, सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतें, दिल्ली उच्च न्यायालयानें २००९ सालीं अवैध ठरविलें, सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं तो निर्णय फिरविला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्याच न्यायालयाच्या घटनापीठानें असे संबंध गुन्ह्याच्या व्याख्येंतून कायमचे काढले. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालांत नाकारला गेला. थायलंडमध्यें तो कायदा २३ जानेवारी २०२५ रोजीं अंमलांत आला; आणि योगायोग असा कीं, त्याच महिन्यांत अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटास जागतिक कथाचित्र विभागाचें परीक्षकांचें सर्वोच्च पारितोषिक मिळालें.

दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे यांनीं त्याचें बीज आपल्या वडिलांच्या निधनानंतर गांवीं काढलेल्या दिवसांतून घेतलें. मुंबईंत कॉल सेंटरमध्यें नोकरी करणारा तिशींतील आनंद वडील वारल्यावर आईसह गांवीं येतो. दहा दिवसांचें सुतक. नातेवाईकांचे नियम, पायांत वहाण नाहीं, जेवणाखाण्याचे निर्बंध, आणि अधूनमधून तोच एक प्रश्न: लग्न कधीं? तेथें त्याला बालपणचा मित्र बाळ्या भेटतो. तो शेतकरी, आणि त्याच्याही मागें लग्नाचा तगादा. दोघे शेळ्यांमागें, झाडाखालीं, शेतांत वेळ काढतात. चित्रपटास पार्श्वसंगीत नाहीं. कॅमेरा एके ठिकाणीं स्थिर राहून पाहतो. कथाकार घाई करीत नाहीं, कारण दहावा दिवस उजाडेपर्यंत कोणालाच गांव सोडून जातां येत नाहीं. सुतकाची ती मुदतच कथेचा कणा झाली आहे, आणि ही योजना कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयांत सुचली नसती.

लातूर जिल्ह्यांतील चाकूरसारख्या गांवीं कोणत्याही घरानें हें दृश्य ओळखावें. सतरंजीवर बसलेले भावकींतले लोक, चहाचे कप, पडवींत दबल्या आवाजांत चाललेली मुलाच्या वयाची चर्चा. अशा घरांतल्या एखाद्या मुलास थायलंडचे दोन विद्यार्थी हातांतल्या फोनवर केव्हांच दिसलेले असतात. त्यांचें सुख त्याला कळतें, पण त्या सुखाला सुतक पाळावें लागत नाहीं, मामाला उत्तर द्यावें लागत नाहीं, शेताचा बांध नाहीं. मित्राच्या गोष्टींत त्याला आपलें नांव सांपडतें, पण शेवट पाहून तें पुन्हां मिटावेंसें वाटतें. आनंदच्या गोष्टींत प्रथमच त्याला आपली सतरंजी सांपडते. आणि आनंदची आई मुलाला ओळखून आहे. मेलेला बापही ओळखून होता. कथाकारानें सर्वांत मोठें धाडस केलें तें येथें: घरांतला स्फोट, ज्यावर अशा शंभर गोष्टी उभ्या राहतात, तो त्यानें कथा सुरू होण्यापूर्वींच संपविला. उरलें तें प्रेम, आणि त्याला लागणारा वेळ.

१९ सप्टेंबर २०२५ रोजीं हा चित्रपट भारतांतील चित्रगृहांत लागला. नांवांतलीं बोंडें म्हणजे निवडुंगाचीं लाल फळें. पूर्वीं तीं माळावर कुंपणाकडेनें हवीं तितकीं मिळत. आतां निवडुंगच कमी झाला. बाळ्या तीं शोधून आनंदसाठीं घेऊन येतो. बारीक कुसें निघेपर्यंत फळ हातांत धरवत नाहीं, म्हणून तें कोणीतरी आधीं स्वच्छ करून द्यावें लागतें.