गोड्या पाण्यातील मत्स्यालय आणि सहचर माशांची निवड : ‘समतोला’च्या संकल्पनेचा ऐतिहासिक आढावा (१८५०–१९५०)

प्रस्तावना :

काचेच्या मर्यादित पात्रात कोणकोणते मासे एकत्र नांदू शकतात, हा प्रश्न आज प्रामुख्याने छंदाचा प्रश्न मानला जातो. शोभिवंत मासे विकणारे दुकानदार आणि मासे पाळणारे हौशी लोक अनुभवाच्या आधारे त्याचे उत्तर देत असतात. तथापि या प्रश्नाला विज्ञानाच्या इतिहासात स्वतंत्र स्थान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रश्न जवळजवळ विचारलाच गेला नव्हता. तो विचारला गेला तेव्हाही प्रथम रसायनशास्त्रज्ञाने विचारला आणि त्याचे उत्तरही रसायनशास्त्राच्या भाषेत दिले गेले. माशांचा स्वभाव, त्यांचे मूळ पाणी आणि त्यांची प्रजननकाळातील वागणूक या बाबी बऱ्याच नंतर विचारात घेतल्या गेल्या. हे स्थित्यंतर कसे घडले आणि त्यास विलंब का लागला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

उद्दिष्टे :

१) ‘समतोल मत्स्यालय’ या संकल्पनेच्या उदयाची पार्श्वभूमी अभ्यासणे.
२) सहचर माशांच्या निवडीचे निकष कालपरत्वे कसे बदलत गेले याचा आढावा घेणे.
३) एखादा सिद्धान्त अपुरा असूनही दीर्घकाळ का टिकतो, याचा या उदाहरणाच्या आधारे विचार करणे.

विषय विवेचन :

वॉरिंग्टनचा प्रयोग आणि पहिला सहचर

सोनमासे पाळण्याची परंपरा चीनमध्ये प्राचीन असून सतराव्या शतकात हे मासे युरोपात पोहोचले. मात्र लहान काचपात्रातील पाणी वारंवार बदलावे लागे. वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू बाहेर टाकतात, हे प्रीस्टली आणि इंगेनहौझ यांच्या अठराव्या शतकातील प्रयोगांतून ज्ञात झाले होते. ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरील कर रद्द झाल्याने काचेची मोठी पात्रे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. या दोन घटनांच्या पार्श्वभूमीवर लंडनमधील अपॉथेकरीज सोसायटीचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने केलेला प्रयोग समजून घ्यावा लागतो.

वॉरिंग्टनने सुमारे १२ गॅलन क्षमतेच्या काचपात्रात लहान सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. मासे श्वसनातून सोडतील तो कर्बवायू वनस्पतीने घ्यावा आणि वनस्पती सोडेल तो प्राणवायू माशांना मिळावा, अशी त्याची अपेक्षा होती. परंतु काही काळातच वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि माशांच्या जीवितास धोका निर्माण झाला. तेव्हा त्याने पात्रात तळ्यातील गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजलेली पाने खाल्ली, पाणी निवळले आणि त्यांची अंडी माशांना खाद्य म्हणून उपयोगी पडली. हे निरीक्षण त्याने १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले.

या प्रयोगातील गोगलगाय हा विशिष्ट कार्यासाठी विचारपूर्वक निवडलेला मत्स्यालयातील पहिला महत्त्वाचा सहचर म्हणता येईल. तिची निवड ती दिसते कशी यावरून झाली नाही. पात्रातील व्यवस्थेत ती कोणते काम करते यावरून झाली. निवडीचा हा निकष निश्चितच मोलाचा होता. परंतु त्यातून एक समजही दृढ झाला. वनस्पती, मासा आणि गोगलगाय यांचे प्रमाण योग्य राखले की पात्रात आपोआप समतोल निर्माण होतो, असा तो समज होय.

संकल्पनेचा प्रसार आणि पहिली अडचण

यानंतरच्या दशकात ही संकल्पना वेगाने लोकप्रिय झाली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह सुरू झाले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते मुख्यतः सागरी जीवांविषयी असले तरी ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द त्याच्यामुळेच रूढ झाला. शर्ली हिबर्ड आणि नोएल हम्फ्रीज यांच्या लेखनाने गोड्या पाण्यातील मत्स्यालय घरोघरी नेले.

मात्र व्यवहारात हौशी लोकांना वेगळाच अनुभव येऊ लागला. ओढ्यातून आणलेल्या जीवांत डायटिस्कस हा शिकारी पाणभुंगा असे आणि तो लहान माशांवर हल्ला करी. स्टिकलबॅक या पाठीवर काटे असलेल्या लहान माशाचा नर विणीच्या हंगामात लालबुंद होऊन घरटे बांधी आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर तुटून पडे. विशेष म्हणजे स्वतः वॉरिंग्टननेही १८५० च्या दशकात स्टिकलबॅकच्या सवयींविषयी निरीक्षणे प्रसिद्ध केली होती. वायूंचा समतोल कितीही काटेकोर असला तरी असे मासे शांतपणे नांदत नसत. परंतु या अनुभवांतून सिद्धान्तावर प्रश्नचिन्ह उभे राहिले नाही. भांडखोर जाती वगळाव्यात, एवढाच व्यावहारिक बोध त्यातून घेतला गेला.

उष्ण प्रदेशातील मासे आणि निकषांतील बदल

१८६९ साली चीनमधून पॅराडाइज मासे पॅरिसमध्ये आणले गेले आणि पियेर कार्बोनिये याने त्यांची पैदास केली. सहचर निवडीच्या इतिहासात या घटनेला विशेष महत्त्व द्यावे लागते. या माशाला कल्ल्यांखेरीज श्वसनाचे पूरक इंद्रिय असते आणि तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर त्याचे जीवन सर्वस्वी अवलंबून नाही. वायूंच्या समतोलाचा सिद्धान्त पुरेसा असता, तर असे अनेक मासे एका पात्रात सुखाने राहावयास हवे होते. प्रत्यक्षात त्यांचे नर एकमेकांना गंभीर जखमी करीत. महाराष्ट्रातील दुकानांत ‘फायटर’ म्हणून परिचित असलेला सयामी लढाऊ मासा याच प्रकारचा आहे. श्वास घेण्यास पुरेशी हवा असणे आणि एकत्र राहता येणे या दोन भिन्न बाबी आहेत, हे या माशांनी स्पष्ट केले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण अमेरिकेतील गप्पी, एंजल आणि निऑन टेट्रा हे मासे पाश्चात्त्य मत्स्यालयांत आले. निऑन टेट्राचे शास्त्रीय वर्णन १९३६ साली झाले आणि त्याला अमेरिकन लेखक-प्रकाशक विल्यम इन्स याचे नाव देण्यात आले. इन्सच्या १९३५ सालच्या ‘एक्झॉटिक अ‍ॅक्वेरियम फिशेस’ या पुस्तकाने जातवार संगोपनाची माहिती सर्वसामान्यांना उपलब्ध करून दिली. येथे निवडीचे नवे निकष पुढे आले. निऑन टेट्रा अ‍ॅमेझॉनच्या मृदू व किंचित आम्लधर्मी पाण्यातील मासा असून गप्पीला तुलनेने कठीण, अल्कधर्मी पाणी मानवते. सोनमाशाला थंड पाणी योग्य ठरते, तर या दोहोंना उबदार पाण्याची गरज असते. एंजल आणि निऑन टेट्रा यांची पाण्याची गरज सारखी असली तरी पूर्ण वाढलेला एंजल लहान निऑनला गिळून टाकतो. म्हणजे पाणी जुळले तरी आकार व आहार जुळेलच असे नाही.

पिता आणि पुत्र : नत्राचा विसरलेला दुवा

वॉरिंग्टनच्या सिद्धान्तात आणखी एक उणीव होती. मासे केवळ कर्बवायू सोडत नाहीत, तर अमोनियाही उत्सर्जित करतात आणि तो त्यांनाच विषारी ठरतो. गोगलगाय कुजलेली पाने खात असली तरी तिच्या उत्सर्जनातून पाण्यात अमोनियाची भरच पडते. अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर जीवाणू करतात. ही प्रक्रिया जैविक असल्याचे श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी १८७७ साली दाखविले. रॉथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात या विषयावर ज्याने दीर्घकाळ काम केले, तो शास्त्रज्ञ म्हणजे वॉरिंग्टनचाच पुत्र होय. त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन असेच होते. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्कीने हे जीवाणू वेगळे केले.

पित्याच्या काचपात्रातील उणीव दूर करणारे ज्ञान पुत्राच्या प्रयोगशाळेत तयार होत होते. परंतु ते शेतजमिनीच्या संदर्भात होते. घरगुती मत्स्यालयाची पुस्तके मात्र वनस्पती आणि प्राणवायू यांच्याच समतोलाविषयी बोलत राहिली. अखेर १९४९ साली जेम्स अ‍ॅट्झ याने ‘समतोल मत्स्यालय’ ही दंतकथा असल्याचे प्रतिपादन केले. वायूंची देवाणघेवाण मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागावर होते, वनस्पतींचा त्यातील वाटा समजला जातो तेवढा नाही, असे त्याचे म्हणणे होते.

वर्तनशास्त्राची भर

याच सुमारास निको टिंबरगेन याने लायडेन येथे स्टिकलबॅकवर केलेले प्रयोग प्रसिद्धीस आले. नराच्या पोटावरील लाल रंग हाच प्रतिस्पर्ध्याच्या आक्रमणाला चेतविणारा संकेत असल्याचे त्याने दाखविले. खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी जाताच काचपेटीतील नर तिच्या दिशेने झेपावत, अशी नोंद त्याने केली आहे. व्हिक्टोरियन काळात जो मासा ‘भांडखोर’ म्हणून वगळला जात होता, तोच प्राणिवर्तनाच्या अभ्यासाचा आधार बनला. १९७३ साली टिंबरगेनला कोनराड लॉरेन्झ व कार्ल फॉन फ्रिश यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतीय संदर्भ

समूहात शांतपणे राहणारा म्हणून जगभर पाळला जाणारा झेब्रा मासा मूळचा भारतीय उपखंडातील असून त्याचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेतील माशांवरील १८२२ सालच्या ग्रंथात केले. पश्चिम घाटातील, मुख्यतः केरळच्या ओढ्यांतील डेनिसन बार्ब या माशाचे वर्णन फ्रान्सिस डे याने १८६५ साली केले. पुण्यातील संशोधकाचा सहभाग असलेल्या गटाने २०१३ साली त्याला ‘सह्याद्रिया’ या नव्या प्रजातीत स्थान दिले. वाहत्या, प्राणवायूयुक्त पाण्यात थव्याने राहणारा हा मासा शोभिवंत माशांच्या व्यापारासाठी मोठ्या प्रमाणावर पकडला गेला आणि आज त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते. सहचराची निवड काचपेटीपुरती मर्यादित राहत नाही, तिचा परिणाम मूळ ओढ्यापर्यंत पोहोचतो, हे यावरून लक्षात येते.

निष्कर्ष :

१) सहचर माशांच्या निवडीचा विचार वायूंच्या समतोलापासून सुरू झाला आणि टप्प्याटप्प्याने पाण्याचे गुणधर्म, तापमान, आकार, आहार व वर्तन यांपर्यंत विस्तारला.

२) समतोलाचा सिद्धान्त पूर्णतः चुकीचा नव्हता, तो अपुरा होता. त्याच्या सुबकतेमुळे विपरीत अनुभव अपवाद मानले गेले आणि तो सुमारे शंभर वर्षे टिकून राहिला. त्याची किंमत काचपात्रातील असंख्य जीवांनी मोजली.

३) आवश्यक ज्ञान उपलब्ध असूनही ते एका ज्ञानशाखेतून दुसऱ्या ज्ञानशाखेत पोहोचण्यास विलंब लागतो. वॉरिंग्टन पिता-पुत्रांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतील काचपेटी ही रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि वर्तनशास्त्र यांच्या एकत्रित अध्यापनाचे साधन होऊ शकते. एकत्र राहणे हे केवळ जागा आणि हवा पुरेशी असण्यावर अवलंबून नसते, प्रत्येकाच्या गरजा व मर्यादा ओळखाव्या लागतात, हाच या इतिहासाचा मुख्य निष्कर्ष होय.