पांढरी सोडून काळीवर

पुण्याची नोकरी सोडून कंधार तालुक्यातल्या आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राहायला आलो, तेव्हा मित्र म्हणाले, "आजोबांसारखं जगायला चाललास!" पण आजोबा आखाड्यावर बिऱ्हाड करून कधी राहिलेच नाहीत. जागलीपुरते माळ्यावर झोपायचे, सुगी उरकली की गावात. शेजारच्या नानांनी तर तोंडावरच सांगितलं, "माणूस शेतात एकटा ऱ्हाऊलाला म्हणलं की, एक तर भावकीत भांडून निघालेला, नाहीतर वाळीत टाकलेला."

नांदेड-लातूरकडची जुनी रीत तशीच होती. घरं पांढरीवर, म्हणजे गावठाणात, भिंतीला भिंत लावून. मध्ये गढी, तोंडाशी वेस. काळीत, म्हणजे शेतात, रात्र काढायची ती सालगड्यानं. पाडव्याला साल ठरतानाच ते धरलेलं असे. 1947-48 मध्ये रझाकारांच्या भीतीनं शिवार आणखीच ओस पडलं. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली करणारा, म्हणजे भीती लांबची नव्हती. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर लोकांना नीट झोप लागली.

विजेवाचून, बाजारावाचून जगणं तेव्हा होतंच, पण ते सगळ्या गावाचं मिळून. मोटेचा नाडा, सोंदूर, औताचा फाळ यांसाठी बलुतेदारांचे हात लागत. ज्वारी पेवात जाई. पांढरीतच खोल खड्डा खणायचा, तळाला नि कडेनं कडबा-भुसा लावायचा, ज्वारी ओतायची, तोंडावर दगड ठेवून माती लिंपायची. उघडताना मात्र घाई चालत नसे. आत कोंडलेल्या वाफेनं माणूस गुदमरून मरायचा, म्हणून पेव आधी मोकळं ठेवत आणि मग कंदील सोडून बघत. वात विझली तर कुणी उतरायचं नाही. नाना हे सांगताना अजून आवाज खाली आणतात. एकट्या आखाड्यावर पेव उघडायला वर दोर धरणारा कुठून आणणार?

माणसं शेतात मुक्कामाला गेली ती पुढं, आणि मौज म्हणजे विजेपायी. 1972 च्या दुष्काळानंतर बोअर वाढले, मोटारी आल्या. शेतीची थ्री फेज आठवड्याच्या पाळीनं दिवसा नाहीतर रात्री. रात्रीची असली की स्टार्टरपाशी माणूस हवाच. आधी पत्र्याचं खोपट, मग चूल, मग बायकापोरं.

शेतात जायला दुसरा धक्का 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाचा. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी हादरली आणि दगडमातीच्या भिंतींवरची मातीच्या थरांनी जड झालेली माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडंही कुणी माळवदाखाली झोपायला धजेना. लातूर-उस्मानाबादची 52 गावं नव्या जागी वसवली. तिथल्या सरळ रस्त्यांत जुनी भावकी-गल्ली काही बसली नाही. बरेच जण मग शेतातच पत्रे ठोकून राहिले.

आता सौर पंप आलाय, रात्रीची पाळी चुकली. मला तो आवडतो. पण बोअर आटला तर तो नुसत्या उन्हात उभा राहतो. एप्रिल 2016 च्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला सुमारे 5 लाख लिटर. खेड्यांना टँकर होते. टँकर आखाड्या-आखाड्यावर फिरत नाही. गावच्या विहिरीत रिकामा होतो. तेव्हा घागरी घेऊन सगळ्यांना पांढरीवरच यावं लागतं.