डिझेल इंजिन : सुरू होऊन बंद पडणे

सेल्फ मारताच इंजिन सुरू होते, काही सेकंद किंवा एखाददुसरे मिनिट चालते आणि आपोआप बंद पडते, असा डिझेल मोटारींतील दोष. मुळात सुरूच न होणाऱ्या इंजिनाचा तपास वेगळा. इथे इंजिनाने एकदा पेट घेतलेला असल्याने बॅटरी आणि सेल्फ ठीक आहेत हे तिथेच कळते. कॉम्प्रेशनही बहुधा शाबूत असते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेत इंधन पेटते. म्हणून चालते इंजिन विझले तर डिझेल तुटले, हवा तुटली किंवा गाडीच्या यंत्रणेने स्वतःच डिझेल रोखले, एवढ्यांतच शोध घ्यायचा असतो. यांत डिझेल तुटण्याचे प्रमाण सर्वाधिक.

एअर धरणे. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप बऱ्याच गाड्यांत ओढीवर चालतो, म्हणजे पंप डिझेल खेचून घेतो. या पाइपला बारीक चीर गेली किंवा क्लिप सैल झाली, तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. गाडीखालची जमीन कोरडी दिसते आणि मालक ‘लीकेज नाही’ म्हणून निर्धास्त राहतो. रात्रभरात पाइपातले डिझेल टाकीकडे उतरते. सकाळी फिल्टर व पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन सुरू होते, ते संपून हवेचा फुगा आला की बंद पडते. सकाळी त्रास आणि एकदा चालू झाल्यावर दिवसभर काही नाही, ही एअरची ठळक खूण.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरच्या धरणाशेजारी वसलेल्या येलदरीसारख्या गावात हा प्रकार शेतकऱ्याला नव्याने शिकवावा लागत नाही. किर्लोस्करसारख्या पाणी उपसण्याच्या इंजिनाची एअर काढणे हे तेच काम आहे : पंपाजवळचा ब्लीड स्क्रू अर्धा-एक आटा सैल करायचा, हँड प्रायमर दाबत राहायचे, फेसाळ डिझेल जाऊन अखंड धार लागली की प्रायमर दाबलेला ठेवूनच स्क्रू आवळायचा. जुन्या जीपला आणि पिकअपला हेच लागू पडते. मात्र एअर काढल्याने दोष जात नाही, हवा शिरते ती जागा सापडावी लागते. त्यासाठी फिल्टर आणि पंपाच्या मधे पारदर्शक नळीचा तुकडा जोडून इंजिन चालवावे; बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मग पंपाला टाकीऐवजी उंचावर धरलेल्या स्वच्छ डिझेलच्या बाटलीतून पुरवठा द्यावा. इंजिन न थांबता चालले, तर दोष टाकी, पाइप किंवा फिल्टरमध्ये आहे आणि पंप निर्दोष आहे. या चाचणीआधी पंप खोलायला देणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

पाणी व कचरा. शेतकामासाठी कॅनमधून आणलेले, बरेच दिवस पडून राहिलेले डिझेल गाडीत ओतले जाते तिथे हा धोका वाढतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते टाकीच्या आणि फिल्टरच्या तळाशी साचते. फिल्टरचा खालचा ड्रेन प्लग सोडून निघेल ते काचेच्या बाटलीत धरावे आणि काही वेळ स्थिर ठेवावे. पाणी असल्यास खाली वेगळा थर दिसतो. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र मातीने बुजले तरी डिझेल तुटून इंजिन बंद पडते. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर दुसरे काही शोधायची गरज नाही.

डिझेल रोखले जाणे. जुन्या रोटरी पंपावर स्टॉप सोलेनॉइड असतो. चावी फिरवल्यावर त्याचा ‘टक’ आवाज यायला हवा; सैल वायरीमुळे करंट तुटला की इंजिन जागीच थांबते. केबलने बंद होणाऱ्या जीपमध्ये अर्धवट अडकलेली स्टॉप केबल हेही कारण निघते. नव्या गाड्यांत इमोबिलायझरने चावी ओळखली नाही तर काही मॉडेल सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतात. डॅशबोर्डावरचा चावीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल तर बॉनेट उघडण्याआधी दुसरी चावी लावून पाहावी.

धूर. बंद पडताना सायलेन्सरमधून धूरच नसेल, तर डिझेल पोचत नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल येते पण पेटत नाही : थंडीत निकामी ग्लो प्लग, अधूनमधून शिरणारी हवा किंवा खराब नोझल. काळा धूर म्हणजे हवा कमी : चोंदलेला एअर फिल्टर किंवा काजळीने उघडाच अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह. परभणीकडे कडाक्याच्या थंडीत पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ग्लो प्लगकडे दुर्लक्ष करू नये.

कॉमनरेल इंजिने. सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून (रेल) उच्च दाबाचे डिझेल देणारी, 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 पासून मोटारींत आलेली ही पद्धत आज भारतातल्या डिझेल मोटारींत सर्वत्र आहे. इथे स्कॅनरवर रेल प्रेशर पाहावे लागते. सुरू होताना साधारण दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. सुरू होऊन तो कोसळत असेल, तर आधी फिल्टर व पुरवठा, मग इंजेक्टरची रिटर्न गळती तपासावी : प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला बाटली जोडायची, जी इतरांपेक्षा झपाट्याने भरते तो इंजेक्टर दोषी. गरम झाल्यावरच गाडी बंद पडत असेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यावा.

जुन्या मिस्त्रींची एक सवय मात्र इथे घातक ठरते. जीपचे कोणते नोझल काम करत नाही हे ओळखण्यासाठी ते चालू इंजिनावर नोझलचे नट एकेक करून सैल करत. कॉमनरेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो. ती धार कातडी भेदून डिझेल शरीरात घुसवते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टर स्प्रेही मारू नये. इंजिन बंद पडत असताना पुन्हा पुन्हा सेल्फ मारत राहणेही टाळावे, कारण पंपाला वंगण डिझेलचेच असते आणि कोरडा फिरलेला पंप चिरला की दुरुस्तीचा खर्च फिल्टरच्या कितीतरी पट होतो.